नित्यग आयुष्य : असाध्य रुग्ण, उरलेला काळ आणि वैद्याचे कर्तव्य

आयुर्वेदाचे अध्ययन करणाऱ्या प्रत्येकाने प्रथम वर्षातच ‘आयु’ या शब्दाचे पर्याय पाठ केलेले असतात. धारि, जीवित, नित्यग आणि अनुबंध. शरीर, इंद्रिये, सत्त्व आणि आत्मा यांचा संयोग म्हणजे आयु, ही व्याख्याही आपल्या ओठांवर असते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे चार शब्द लिहून आपण पूर्ण गुण मिळवतो आणि मग ते विसरतो. या चार पर्यायांपैकी ‘नित्यग’ या शब्दाकडे लक्ष जायला प्रस्तुत लेखकाला व्यवसायाची जवळजवळ वीस वर्षे लागली. नित्यग म्हणजे सतत जाणारे, क्षणभरही न थांबणारे. आयुष्य साठवून ठेवता येत नाही, उसने घेता येत नाही. ते केवळ खर्च होते. ते कशावर खर्च करावे, एवढेच काय ते माणसाच्या हाती असते.

रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा तो व्याधी घेऊन येतो, तसा आपला काळही घेऊन येतो. व्याधीकडे पाहण्याचे शिक्षण आपल्याला मिळाले आहे. त्याच्या काळाकडे आपण कसे पाहतो, या प्रश्नाचा विचार व्हावा या हेतूने हा लेख लिहीत आहे. यातील पहिली हकीकत माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. ती सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ नाही.

एक रुग्ण

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी परिसरात माझा चिकित्सालय आहे. आपला जिल्हा धानाचा. मृगात पऱ्हे टाकावेत, आषाढ-श्रावणात रोवणी करावी, आश्विन-कार्तिकात कापणी करून धान घरी आणावा, या चक्रावर येथील माणसाचे सारे वर्ष बेतलेले असते. याच जिल्ह्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा लहानथोरांच्या खिशात असतो, आणि त्याची फळे आपण सर्वजण रोज तपासणीच्या मेजावर पाहतो.

साठी ओलांडलेला एक धान उत्पादक शेतकरी श्रावणाच्या आरंभी माझ्याकडे आला. मुखाचा कर्करोग. नागपुरात शस्त्रक्रिया झालेली, किरणोपचार झालेले, त्यानंतर व्याधी पुन्हा उद्भवलेला. मानेतील गाठी दगडासारख्या. आता अधिक काही करण्यासारखे नाही, घरी न्या, असे तेथील डॉक्टरांनी मुलाला सांगितलेले. रुग्णाचे मांस आणि बल झपाट्याने क्षीण झालेले होते, अन्न गिळणे कठीण झाले होते, आवाज बदलला होता. इंद्रियस्थान ज्याने एकदा जरी लक्षपूर्वक वाचले असेल, त्याला निदानासाठी दुसरा ग्रंथ उघडण्याची गरज नव्हती. मलाही कळले होते.

तरीही मी औषधी लिहिल्या. सुवर्णयुक्त कल्प, त्यासोबत रसायन, वर अनुपानाची काटेकोर सूचना. “चार महिने नियमाने घ्या, पाहू,” असे म्हणालो. दर आठ दिवसांनी तपासणीस यावयास सांगितले. लाखांदूर तालुक्यातील गावाहून एस.टी.ने यायचे, रांगेत बसायचे, औषध घेऊन परत जायचे, यात त्याचा पूर्ण दिवस जाई आणि पुढचा दिवस थकव्यात जाई. तिसऱ्या खेपेस मुलगा औषधे आणावयास गेला असता तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “साहेब, यंदाचा धान घरी आलेला पाहीन का जी मी?”

मी म्हणालो, “पाहाल की. का नाही पाहणार?”

हे उत्तर द्यायला मला क्षणही लागला नाही. त्याने मान डोलावली आणि पुन्हा कधीही तो प्रश्न विचारला नाही.

आश्विनात, कापणीला आठवडा उरला असताना, तो गेला. तेराव्यानंतर मुलगा चिकित्सालयात आला. न उघडलेल्या औषधाची डबी त्याने मेजावर ठेवली आणि राहिलेली रक्कम मोजू लागला. मी ती घेतली नाही. परंतु त्याने कोणतीही तक्रार न करता सहज सांगितलेले एक वाक्य मात्र मला घ्यावेच लागले. तो म्हणाला, “बाबा रोज म्हणत, मला एकदा बांधीवर घेऊन चला. आम्ही म्हणत होतो, आधी औषध आणू, जरा ताकद येऊ द्या, मग जाऊ.”

मी हिशेब केला. तो माझ्याकडे नऊ वेळा आला होता. प्रवासाचा एक आणि थकव्याचा एक असे धरले, तर त्याच्या उरलेल्या सुमारे सत्तर दिवसांपैकी अठरा दिवस मी घेतले होते. त्या अठरा दिवसांच्या बदल्यात मी त्याला काय दिले, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. व्याधी मी निर्माण केला नव्हता आणि तो बरा करणे कुणाच्याही हाती नव्हते. मात्र स्वतःच्या शेवटच्या हंगामाचे काय करावे हे ठरविण्याची त्याची मोकळीक मी एका गोड वाक्याने काढून घेतली होती.

सुखायु आणि हितायु

या घटनेनंतर संहितेकडे पुन्हा वळलो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या आरंभीच आयुष्याचे चार प्रकार सांगितले आहेत : हित, अहित, सुख आणि दुःख. सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात यांचे विवरण आहे. शरीर आणि मन रोगरहित असणे, बल, वीर्य, पौरुष, इंद्रियांची समर्थता, इच्छित भोग घेता येणे, ही सुखायुची लक्षणे. हितायुची लक्षणे मात्र निराळ्या जातीची आहेत. भूतमात्राचे हित इच्छिणे, परधनाचा लोभ नसणे, सत्य बोलणे, विचारपूर्वक कृती करणे, वृद्धांची सेवा, दान, तप, ज्ञान. या दोन याद्या शेजारी ठेवून वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते. सुखायु हे बहुतांशी शरीराच्या अवस्थेवर अवलंबून आहे. हितायु हे माणूस आपला काळ कशासाठी वापरतो यावर अवलंबून आहे.

असाध्य व्याधी सुखायु हिरावून घेतो. परंतु हितायुचा मार्ग शेवटच्या दिवसापर्यंत खुला असतो. मुलाला बांधीचा धुरा दाखविणे, भावाशी तुटलेला संवाद पुन्हा जोडणे, कुणाचे घेतलेले परत करणे, नातवाला मांडीवर घेणे, ही सर्व कामे अंथरुणावरून होऊ शकतात. एक अट मात्र आहे. आपल्याजवळ किती काळ आहे याची निदान अंधूक कल्पना रुग्णाला असली पाहिजे. ती कल्पना न देणारा वैद्य त्याच्या सुखायुचे रक्षण करू शकत नाही आणि हितायुची वाट मात्र बंद करतो.

सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायातील तीन एषणा सर्वांना परिचित आहेत : प्राणैषणा, धनैषणा, परलोकैषणा. या क्रमाला अर्थ आहे. प्राण गेले तर सर्व गेले, म्हणून प्राणैषणा प्रथम. परंतु आचार्य तेथेच थांबले नाहीत. केवळ जगत राहणे हेच जगण्याचे एकमेव प्रयोजन असते, तर पुढच्या दोन एषणा सांगण्याची गरजच नव्हती. निरोगी माणसाला आपण प्राणैषणेचा उपदेश करतो, तो योग्यच आहे. ज्याचे प्राण आता राखता येणार नाहीत, त्याला पहिल्याच एषणेच्या पायरीवर अडवून धरणे हे मात्र शास्त्राला धरून नाही.

गाडीची आस

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात, अग्निवेश आपल्या गुरूंना काल आणि अकाल मृत्यूविषयी विचारतो. प्रसंग कांपिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरावरचा आहे. आत्रेयांनी दिलेला दृष्टांत आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला एका क्षणात समजावा असा आहे. चांगल्या लाकडाची, नीट घडविलेली गाडीची आस योग्य रीतीने वापरली तर झिजत झिजत आपल्या काळी संपते. तो काल मृत्यू. हीच आस अतिभाराने, खाचखळग्यांच्या वाटेने, आडरानात गाडी घातल्याने, चाक मोडल्याने, गाडी अथवा गाडीवान सदोष असल्याने, खीळ निघाल्याने, वंगण न मिळाल्याने वाटेतच मोडते. तो अकाल मृत्यू. मनुष्याच्या बाबतीत शक्तीबाहेरचे श्रम, अग्नीचा विचार न करता केलेला आहार, वेगांचे धारण, विष, अग्नी, आघात, आहार आणि औषध यांचा त्याग, अशी कारणे आचार्यांनी मोजून दिली आहेत.

हा दृष्टांत वैद्याला दोन कर्तव्ये शिकवितो. वाटेत मोडू पाहणारी आस वाचविणे हे पहिले. यात कसूर क्षम्य नाही. ज्या विदर्भात कर्ज, नापिकी आणि एकाकीपण यांपायी माणसे स्वतःच्या हाताने जीवन संपवितात, तेथे हे ठासून सांगितले पाहिजे. निराशेतून ओढवून घेतलेला मृत्यू म्हणजे भाराखाली मोडलेली आस होय. त्याला स्वातंत्र्य हा शब्द लावू नये. तो भार उतरविता येतो. झोप उडालेला, अन्नावरची वासना गेलेला, घरच्यांशी बोलणे टाकलेला शेतकरी आपल्याकडे बहुधा ‘अशक्तपणा’ सांगून येतो. त्याला केवळ बल्य औषध देऊन परत पाठवू नये. मोकळेपणाने विचारावे, घरच्यांना जवळ बोलवावे, मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयाच्या आणि औषधी दुकानाच्या दर्शनी भागी लावलेला असावा.

दुसरे कर्तव्य म्हणजे जी आस आपल्या काळी झिजत आली आहे, तिला तसे ओळखणे. येथे आपण कमी पडतो. झिजलेल्या आसेवर वंगणाचे डबे ओतत राहणे सोपे असते, कारण त्यात गाडीवानालाही बरे वाटते आणि वंगण विकणाऱ्यालाही.

न विचारता सांगू नये, परंतु...

माझ्या त्या उत्तराचे समर्थन करण्यासाठी शास्त्राधार सापडतो, असे कुणी म्हणेल. इंद्रियस्थानाच्या बाराव्या अध्यायात स्पष्ट निर्देश आहे की, मृत्यूची लक्षणे दिसत असली तरी कुणी विचारल्यावाचून वैद्याने आसन्न मृत्यूची वार्ता सांगू नये. आणि विचारले तरी, जेथे ती ऐकून रुग्णावर किंवा इतर कुणावर आघात होईल तेथे सांगू नये. हा निर्देश आपण वारंवार उद्धृत करतो. त्याला लागूनच आलेले पुढचे विधान मात्र सहसा उद्धृत केले जात नाही. ते असे की, मृत्यूविषयी न बोलताही अशा रुग्णाची चिकित्सा करण्याची इच्छा वैद्याने धरू नये.

म्हणजे शास्त्राने मौन सांगितले ते अनावश्यक चिकित्सा आवरण्याच्या आज्ञेसह. मी मौन घेतले आणि चिकित्सा चालू ठेवली. आज्ञेचा सोयीचा अर्धा भाग पाळला. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात असाध्याची चिकित्सा करणारा वैद्य अर्थ, विद्या आणि यश गमावतो, निंदेस पात्र होतो, असे म्हटले आहे. आजच्या व्यवहारात अर्थहानी वैद्याची न होता रुग्णाची होते, एवढाच फरक पडला आहे.

मग असाध्य रुग्णाला सोडून द्यावे काय? अजिबात नाही. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याची चतुर्विध वृत्ती सांगितली आहे : सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि ‘प्रकृतिस्थ’ प्राण्यांविषयी उपेक्षा. येथे प्रकृती म्हणजे मरण, असा अर्थ टीकाकार चक्रपाणिदत्त देतात. आजच्या मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. त्यामुळे हे चौथे पद वाचताना मन दचकते. परंतु त्याचा धातू पाहावा. उप आणि ईक्ष्, म्हणजे जवळ राहून पाहणे. जे घडणार आहे त्यात हस्तक्षेप करण्याचा हट्ट सोडावा, पण जवळून उठून जाऊ नये, असा अर्थ मी माझ्यापुरता घेतो. चार वृत्तींच्या या क्रमात मैत्री आणि कारुण्य आधीच येऊन गेलेले आहेत. उपेक्षेच्या आधी ती दोन्ही असलीच पाहिजेत.

पवनारचे उदाहरण

ज्यांनी आपला शेवटचा काळ स्वतः ठरविला अशा व्यक्तीचे उदाहरण आपल्याच विदर्भात, भंडाऱ्याहून नागपूरमार्गे काही तासांच्या वाटेवर घडले आहे. वर्धा जिल्ह्यात धाम नदीच्या काठी, पवनारच्या आश्रमात, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, आचार्य विनोबा भावे यांनी देह ठेवला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते आजारी पडले, हृदयविकाराचा झटका आला. प्रकृती किंचित सावरत आहे असे वाटत असतानाच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले. वय ८७ वर्षांचे. सुमारे आठवडाभराने ते शांतपणे गेले. त्या काळात औषध घ्यावे म्हणून त्यांना आग्रह झाला. त्यांनी तो मानला नाही.

या घटनेचे भाविकतेने वर्णन पुष्कळ झाले आहे. वैद्याने मात्र तिच्यासोबत तीस वर्षांपूर्वीची आणखी एक घटना वाचली पाहिजे. डिसेंबर १९५२ मध्ये भूदान पदयात्रेत असताना, तेव्हाच्या बिहारमधील चांडिल येथे विनोबांना घातक हिवताप झाला. तेव्हाही प्रथम त्यांनी औषध नाकारले होते. प्रकृती अतिशय खालावली. सहकाऱ्यांनी आणि देशातील नेत्यांनी विनवण्या केल्या आणि अखेर त्यांनी औषध घेतले. ते बरे झाले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे मिळालेल्या शंभर एकरांच्या पहिल्या दानापासून सुरू झालेले ते कार्य त्यानंतर कित्येक वर्षे पायी चालत राहिले. १९६४ मध्ये ते पवनारला परतले आणि १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेऊन तेथेच राहण्याचे ठरविले.

माणूस एकच, औषधाविषयीची मूळ वृत्तीही एकच. परंतु सत्तावन्नाव्या वर्षी औषध घेतले आणि सत्त्याऐंशीव्या वर्षी घेतले नाही. फरक कशात होता? चांडिलला व्याधी साध्य होता आणि कार्य बाकी होते. पवनारला आस आपल्या काळी झिजली होती आणि कार्य हातावेगळे झाले होते. त्यांनी चांडिलला जीवनाची निवड केली म्हणूनच पवनारच्या निवडीला वजन आहे. ती निवड एका रात्रीत आलेली नव्हती. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी सहबंद्यांपुढे गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी उतरवून घेतली, त्यांतील आठव्या अध्यायावरील प्रवचनाचा विषयच प्रयाणाची साधना हा आहे. म्हणजे ज्याच्या हातातून बाहेर जाण्याचे स्वातंत्र्य काढून घेतले होते, तो माणूस तुरुंगातील आपला काळ शेवटच्या क्षणाच्या तयारीचा विचार करण्यात घालवीत होता. पन्नास वर्षांनी ती तयारी उपयोगी पडली.

विनोबांचे अनुकरण करण्यास कुणा रुग्णाला सांगावे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. वैद्याने अन्नत्याग कधीही सुचवू नये. चालू असलेली आधुनिक चिकित्सा आपल्या शब्दावर बंद करण्यासही कधी सांगू नये. त्यांच्या उदाहरणातून आपण घ्यायचे ते एवढेच : काय साध्य आहे, काय असाध्य आहे आणि आपले कोणते काम उरले आहे, हे तिन्ही ज्याला ठाऊक असते, तोच मोकळेपणाने निवड करू शकतो. पहिल्या दोन गोष्टी रुग्णाला वैद्याकडूनच कळू शकतात.

कायद्याची स्थिती

सदस्यांपैकी अनेकजण या विषयात कायद्याविषयी विचारतात, म्हणून थोडक्यात नोंद करतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये प्राणघातक हल्ला झाला आणि त्या ४२ वर्षे अचेतनप्राय अवस्थेत राहिल्या. त्यांच्यासंबंधीच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. परंतु कृत्रिम जीवनरक्षक उपचार विशिष्ट पद्धतीने थांबविता येतील, हे तत्त्व मान्य केले. के.ई.एम.च्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. १८ मे २०१५ रोजी त्या निवर्तल्या. शुश्रूषा म्हणजे काय, याचा त्याहून मोठा धडा आपल्या राज्यात दुसरा नसेल.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे असे मानले आणि सज्ञान, सुबुद्ध व्यक्तीला वैद्यकीय इच्छापत्र आगाऊ करून ठेवण्यास मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सुलभ करण्यात आली. आता असे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमक्ष करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून साक्षांकित करता येते. त्यात निर्णय घेणाऱ्या आप्तांची नावे देता येतात. आणि प्रत्यक्ष वेळ आली तर रुग्णालयातील प्राथमिक व दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे विचार करतात. विष अथवा इंजेक्शन देऊन मृत्यू घडविणे हा पूर्वीप्रमाणेच गुन्हा आहे. या मंडळांवर आपण नसू, परंतु “असे काही लिहून ठेवावे काय?” हा प्रश्न खेड्यातील वृद्ध माणूस प्रथम आपल्या ओळखीच्या वैद्यालाच विचारतो. त्याला नीट माहिती देणे आपल्या हाती आहे.

व्यवहारात काय करावे

त्या रुग्णानंतर मी माझ्या चिकित्सालयात काही नियम पाळू लागलो. ते सर्वांस उपयोगी पडतील असा दावा नाही, विचारार्थ मांडतो.

पहिले, असाध्य रुग्णाला वारंवार यावयास लावत नाही. आठवड्यातील एक दुपार गृहभेटींसाठी राखली आहे. अंतर फार असेल तर घरातील जबाबदार व्यक्तीला बोलावून समजावतो.

दुसरे, औषधांची संख्या कमी करतो. मुखपाकासाठी गंडूष, मलावष्टंभासाठी मृदू अनुलोमन, झोपेसाठी पादाभ्यंग, गिळता येईल असे पेज-मंड. वेदना तीव्र असतील तर आपला मान बाजूला ठेवून वेदनाशमनाच्या केंद्राकडे पाठवितो. मॉर्फिनसारखी द्रव्ये गरजू रुग्णांना मिळणे सुलभ व्हावे म्हणून अमली औषधिद्रव्यांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झालेली आहे आणि उपशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आखलेला आहे. वेदनेत तळमळणाऱ्या माणसाला काळ असूनही तो त्याचा नसतो. वेदना शमली तरच तो काळ त्याला परत मिळतो.

तिसरे, विचारल्यावाचून भाकीत सांगत नाही. पण रुग्णाला विचारण्याची संधी देतो. “या दिवसांत तुम्हाला काय काय करायचे आहे?” असा साधा प्रश्न घरच्यांसमोर आणि एकदा एकांतात विचारतो. उत्तरे थक्क करणारी असतात. एका निवृत्त शिक्षिकेला झाडीपट्टीचे नाटक पुन्हा एकदा मांडवात बसून पाहायचे होते. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावात प्रयोग लागला तेव्हा मुलांनी त्यांना खाटेसह मांडवाच्या कडेला नेऊन ठेवले. रात्रभराच्या नाटकापैकी त्यांनी दोनच अंक पाहिले. औषधाने त्यांना असे काही मिळाले नसते. एका वृद्धाला फक्त भावाच्या घरी जेवायचे होते. कुणी सरळच विचारतो, “किती दिवस?” तेव्हा दिवस मोजून सांगत नाही, कारण ते कुणालाच सांगता येत नाहीत. “जे करायचे ते पुढच्या हंगामावर टाकू नका,” एवढे मात्र स्पष्ट सांगतो. कधी घरचे नाराज होतात. सांगून चूक झाली असे वाटण्याचे प्रसंगही आले आहेत. आघात होईल की नाही हे आधी ओळखण्याची विद्या अजून मला पुरती आलेली नाही.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही एक विनंती आहे. असाध्य रुग्णाचे आप्त चिठ्ठीवाचून दुकानात येतात आणि “सर्वात भारी जे असेल ते द्या,” असे म्हणतात. कर्करोगासह अनेक व्याधी बरे करण्याचे दावे जाहिरातीत करण्यास १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपाय कायद्याने बंदी आहे. जे छापता येत नाही ते काउंटरवर तोंडी सांगणेही सोडले पाहिजे. चिकित्सेचा केवळ विक्रीचा माल करणारा सोन्याची रास सोडून धुळीच्या राशीमागे लागतो, असे चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या रसायनाध्यायात म्हटले आहे. सुवर्णकल्पाची बाटली परत पाठवून “हे पैसे घरी ठेवा, आजोबांना जे आवडते ते करून घाला,” असे सांगणारा एक विक्रेता माझ्या परिचयाचा आहे. त्याच्या दुकानात गर्दी कमी झालेली नाही.

वैद्याचा स्वतःचा काळ

शेवटी थोडे स्वतःविषयी. इतरांच्या नित्यग आयुष्याचा विचार करणारे आपण सकाळी आठ ते रात्री दहा चिकित्सालयात बसतो, रविवारीही दार उघडे ठेवतो, ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा उपदेश करतो आणि स्वतः मध्यरात्रीपर्यंत हिशेब लिहितो. मुले मोठी होऊन घराबाहेर जातात तेव्हा आपल्याला त्यांची इयत्ता आठवावी लागते. धनैषणा आवश्यकच आहे. साधनहीन दीर्घायुष्याला आचार्यांनीही चांगले म्हटलेले नाही. तथापि गाडी हाकणाऱ्याच्या स्वतःच्या आसेला वंगण कोण घालणार? गृहभेटींची ती एक दुपार राखल्यापासून माझे उत्पन्न थोडे घटले. त्या भेटींवरून परतताना मी नदीच्या काठी अर्धा तास थांबतो. पलीकडे पवनीची जुनी टेकडी दिसते. तेथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. त्या मातीखालच्या माणसांनीही आपापला काळ कशावर तरी खर्च केला असेल, हा विचार त्या अर्ध्या तासात मनात येतो आणि घरी जाण्याची घाई वाटू लागते.

त्या शेतकऱ्याची बांधी मी नंतर एकदा पाहिली. त्याच्या मुलाने बोलाविले होते, एका वेगळ्याच कामासाठी. कापणी झालेली होती, धसकटे उभी होती. घरापासून धुऱ्यापर्यंतचे अंतर मी सहज मोजले. रुग्णाला आधार देऊन नेले असते तर पंधरा मिनिटे लागली असती.

आपल्या शाखांच्या मासिक सभांत नवीन कल्पांवर चर्चा होते, ती अवश्य व्हावी. त्याच सभांत वर्षातून एकदा तरी प्रत्येकाने आपल्या एका असाध्य रुग्णाची हकीकत मांडावी, त्याचा उरलेला काळ कसा गेला आणि त्यात आपला वाटा काय होता हे सांगावे, अशी सर्व वैद्यबंधु-भगिनींना आणि औषधी व्यावसायिकांना नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.